जावईबापूंचा उजवा खांदा

आबा,

पिंप्राळ्यातलं माझं पंपांचं दुकान तुम्ही पाहिलं नाहीत. पुढे दुकान, मागे घर, दाराशी दुरुस्तीला आलेल्या मोटारींची रांग. शेतकरी मोटार घेऊन येतो, मी ती चालू करून दोन मिनिटं नुसता ऐकतो आणि सांगतो, बेअरिंग गेलं. खोलल्यावर तेच निघतं. लोक विचारतात, भाऊ, कान आहेत की यंत्र? मी म्हणतो, वडिलांचे आहेत. जिनिंगच्या फाटकातून आत पाऊल टाकतानाच कुठला पट्टा घासतोय हे तुम्ही ओळखायचात. मग चहा यायला वेळ असेल तर गिऱ्हाइकाला मी पुढचंही सांगतो. आमचे वडील जळगावच्या टीमचे गोलकीपर होते आणि एकदा धुळ्याच्या मैदानावर त्यांनी काय केलं, ऐका. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की दुकानातला कारागीर स्क्रू पिळता पिळता माझ्याआधी पुढचं वाक्य म्हणतो. तुम्हाला सांगायची कधी वेळच आली नाही, कारण तुम्ही तर गोलमध्येच उभे होतात. पण गोष्टीचा एक तुकडा तुमच्या पाठीमागे घडला. तो आज लिहितो.

क्रिकेटचा विश्वचषक नुकताच आला होता, गल्लीतली सगळी पोरं बॅटी घेऊन फिरत होती. फुटबॉल म्हणजे आपल्यासारख्या थोड्या वेड्यांचं काम. मी बावीस वर्षांचा, मोटार वाइंडिंगच्या दुकानात नोकरीला, आणि गावभर तुमचा मुलगा म्हणून छाती काढून फिरणारा. तुम्ही बेचाळीस ओलांडलेले. टीमच्या सेक्रेटरींनी कॉलेजातला एक उंच गोलकीपर हेरून ठेवला होता आणि चार लोकांत म्हणालेही होते, "धुळ्याची मॅच बघू आबांची, मग ठरवू." धुळ्याची मॅच म्हणजे तुमच्या सासुरवाडीची. हरलात तर जागा जाणार, हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आईला तर सर्वांत जास्त.

आदल्या दिवशीची संध्याकाळ मला अजून दिसते. आई तव्यावर खडेमीठ तापवते आहे, फडक्यात बांधून पुरचुंडी करते आहे. तुम्ही सदरा काढून पाटावर बसला आहात. दोन वर्षांपूर्वी जिनिंगमध्ये हातगाडीवरून घसरलेली कापसाची गठाण उजव्या खांद्यावर आली, तेव्हापासून तो हात कानाच्या वर जात नाही. मैदानावर हे कुणाला कळलेलं नाही, कारण उजवीकडचा उंच चेंडू तुम्ही अंग वळवून डाव्या हाताने घेता आणि लोकांना वाटतं ती तुमची ढब आहे. आई शेकते, तुम्ही दात आवळता. मी दाराच्या चौकटीला टेकून बघतो आहे. तुम्ही मान न वळवता म्हणता, "हाई घरनी बात शे. घरमाच ऱ्हावाले पाहिजे." मी म्हटलं, हो आबा.

दुसऱ्या दिवशी टीम सकाळीच ट्रकने गेली. आम्ही पाठीराखे दहाच्या एस.टी.ने. मागच्या बाकांवर आपला दरबार भरला. टीमच्या जर्सी शिवणारा शिंपी आणि मारवाडी कापडवाला शेठ, ही जोडी तुम्हाला आठवत असेलच. एरंडोल येईपर्यंत टीमची पुरती चिरफाड झाली. शिंपी प्रत्येकाची ताकद इंचावर सांगायचा. "सेंटर फॉरवर्डची मांडी बघा, चड्डीला पाव मीटर जास्त कापड लागतं. त्याचा शॉट अडवणार कोण? पण हाफ बॅक! पोटाचं माप दर वर्षी नवीन. तो पहिल्या वीस मिनिटांचा खेळाडू." शेठ म्हणाले, "अरे, हाफ बॅकला कशाला रडतोस? लेफ्ट आउटला चेंडू दिला की तो परत देतच नाही. दुकानात उधारी घेतल्यासारखा ठेवून घेतो." सगळा मागचा बाक हसला. पारोळ्याला काही माणसं चढली. पांढरा लेंगा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक इसम माझ्या शेजारी बसला आणि शेंगा फोडू लागला.

मग शिंप्याने तुमचं नाव काढलं. "आबा म्हणजे आपली ताकद. ताकद होती म्हणा. या वेळी जर्सी कमरेला दोन इंच सैल करायला लागली. आणि उजवीकडचा उंच चेंडू पाहिलात? उशीर करतात. म्हातारपण, दुसरं काय." शेठनी मान हलवली. "त्यात सासुरवाडी. जावई तिथे गोल अडवेल की पाहुणचार घेईल?" आबा, माझी कानशिलं तापली. शेठच्या थट्टेचं काही नाही, पण म्हातारपण? मी बाकावरून उठलो. एस.टी.चा खडखडाट होता, म्हणून आवाज चढवला. "उशीर नाही करत ते! उजवा हात कानाच्या वर जात नाही त्यांचा. गठाण पडली होती खांद्यावर. दोन वर्षं एका हाताने गोल सांभाळतायत, कुणाला कळलं तरी का? तुमचा कॉलेजवाला दोन हातांनी तरी करून दाखवेल का एवढं?" शिंप्याने कानाला हात लावले. मला वाटलं, जिंकलो. शेजारचा इसम शेंग फोडायची थांबला होता, हे मी ऐकलं. फोलपटाचा आवाज बंद झाला होता. पण त्या दिवशी मला माझाच आवाज इतका गोड लागत होता की त्या शांततेचा अर्थ लावायला मी थांबलो नाही. "उजवाच ना?" त्याने सहज विचारलं. मी म्हटलं, "उजवाच."

पहिल्या हाफमध्ये आपण एक गोल केला. मांडीवाल्यानेच. मध्यंतराला मी लिंबूपाणी प्यायला वळलो तर तो रुमालवाला इसम धुळ्याच्या कॅप्टनजवळ उकिडवा बसलेला, आणि बोलता बोलता स्वतःच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवतो आहे. लिंबूपाणी हातातच राहिलं.

खेळ सुरू झाला आणि पहिलाच उंच चेंडू तुमच्या उजवीकडे. गोल. दुसराही उजवीकडे, पण थोडक्यात बाहेर गेला. तिसराही. मैदानाच्या कडेने ओरडा सुरू झाला, "जावईबापू, आहेर ल्या!" प्रत्येक चेंडूला तेच. मी पळत गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो, जणू मी तिथे उभा राहिल्याने काही थांबणार होतं. तुम्ही एकदा धुळ्याच्या फॉरवर्डकडे पाहिलंत, एकदा स्वतःच्या खांद्याकडे, आणि सगळं समजलात. मग दोन पावलं उजवीकडे सरकलात. डावी बाजू उघडी टाकलीत, फुल बॅकला तिथे बोलावून घेतलंत, आणि उजवीकडचं सगळं डाव्या मुठीने बाहेर ठोकू लागलात. चार ठोकले, की पाच. ओरडा हळूहळू कमी झाला. शेवटच्या मिनिटाला जो आला तो मात्र डाव्या मुठीच्या आवाक्यातला नव्हता. मी मागून पाहिलं, तुमचा उजवा हात वर गेला. कानाच्या वर. बोटांना लागून चेंडू दांडीवरून पलीकडे गेला आणि तुमच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. तो कुणी ऐकला नाही. मी ऐकला.

एक-एक. धुळेकरांनी खरोखरचा आहेर आणला, टोपी, टॉवेल आणि नारळ. आणि तो तुमच्या हातात दिला त्या रुमालवाल्यानेच. "खांदा दुखस म्हनेत तुमना. माले ते काही दिसनं नही," म्हणाला आणि तुमच्या पाया पडला. तुम्ही हसलात. डाव्या हाताने टोपी चढवलीत. सेक्रेटरींनी त्यानंतर दोन वर्षं कॉलेजवाल्याचं नाव काढलं नाही.

परतताना ट्रकमध्ये तुम्ही मला जवळ बसवलंत. "आज बठ्ठा बॉल उजवीकडेच उनात," तुम्ही हळू म्हणालात. "कोनी सांगं व्हई?" मी म्हटलं, काय की. घरी पोचल्यावर तुम्ही आईला विचारलंत, धुळ्याच्या तुझ्या भावाला पत्रात काही लिहिलं होतंस का. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. एवढंसंच. मग मीठ तापवायला तवा चुलीवर ठेवत म्हणाली, "मीच लिखं व्हतं भाऊले." तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी हसलात, आणि पुढे मरेपर्यंत थट्टा केलीत, हिच्यासमोर काही बोलू नका रे, धुळ्याला तार जाते. पाहुण्यांसमोरही. तीही हसायची.

म्हणून गिऱ्हाइकांना सांगताना मी गोष्ट मैदानापासून सुरू करतो. गोष्टीत एस.टी. कधी येत नाही.

आणि आबा, वर एक चुकीचं लिहिलं आहे. ट्रकमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'काय की' म्हणालो नव्हतो. 'आईनं मामाला पत्रात लिहिलं असेल' असं म्हणालो होतो. तुम्ही घरी गेल्या गेल्या तिला तेच का विचारलंत, हे तिने एका नजरेत ओळखलं असणार.

आई मागच्या खोलीत आहे, तुमचा तो टॉवेल अजून तिच्याच पेटीत असतो. तिला सांगावं असं रोज वाटतं. पण तिला आता फार कमी ऐकू येतं. सांगायचं तर त्या दिवशी एस.टी.त बोललो होतो, तेवढ्या मोठ्याने सांगावं लागेल.