रॉड न लावता

काका, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि मी अजून तुमचीच पक्कड वापरतो. मुठीवरची काळी टेप तेवढी दोनदा बदलली. लाइनमन आपली पक्कड सहसा कुणाच्या हाती देत नाही. रिटायर झालात त्या दिवशी तुम्ही ती माझ्या हातात ठेवली आणि मागे न बघता बस धरली.

अमडापूरकडचा तो खांब आठवतो. मी नवा होतो. परमिट मिळालं, लाइन बंद झाली, आणि मी वर चढून थेट तारेला हात घालायला निघालो. खालून तुम्ही ओरडता, "उतर बे! लाइन बंद हाय हे तुले कोनं सांगतलं?" मी म्हणतो, सबस्टेशनच्या ऑपरेटरनं. "मंग त्याची माय रडन का तुह्यासाठी? पह्यले रॉड लाव, मंग हात." तारेत चुकून करंट आलाच तर तो जमिनीत उतरवणारा रॉड. त्या दिवशी तुम्ही मला पुन्हा चढू दिलं नाही, बाभळीखाली बसवून ठेवलं. संध्याकाळी मात्र घरी नेलं आणि काकूंच्या चुलीपुढे आपल्या ताटातलं पिठलं मला वाढलं. मी रागारागाने जेवलो.

आता बदली होऊन सुलतानपूरकडे आहे. तिघांचं काम आधी दोघांवर होतं, आता एकट्यावर. लाइट गेली की लोक फोनवर आईबहिणीवरून बोलतात. आधी मी भांडायचो, आता "हो, पाहतो" म्हणतो. उन्हाळ्यात माझा जोडीदार खांबावर चिकटला. त्याला मीच खाली उतरवलं, तेव्हा जीव गेलेलाच होता. त्या संध्याकाळी मी घरी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली. बायको बघतच राहिली. म्हणाली, "तुमी रडून काऊन नाई राह्यले?" पुढे ऑफिसने ताणतणावाचं शिबिर ठेवलं, एका मॅडमनी फॉर्म दिला. झोप लागते का? लागते. चिडचिड होते का? नाही. एकही उत्तर खोटं नव्हतं, काका. काही वाटतच नाही, तर लिहायचं काय?

मंगळवारी परमिट घेऊन वर चढलो तेव्हा रॉड खाली मोटरसायकललाच बांधलेला होता. घाई नव्हती. विसरलोही नव्हतो. तरी मी उघड्या हाताने तार धरली. मरायचं होतं असं नाही, पण रॉड लावला काय नि न लावला काय, मला सारखंच वाटलं. काही झालं नाही. खाली उतरून पक्कड पुसायला घेतली आणि तुमचा आवाज आठवला.

आज दुपारी फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला. मॅडमना सगळं सांगितलं, रॉडचंसुद्धा. शुक्रवारी अकराला या, तोवर खांबावर चढू नका, म्हणाल्या. मग वहीत लिहायला नाव विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. का ते मला माहीत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, पकडीच्या पिशवीतच राहील. शुक्रवारी तुमच्या नावाचा पुकारा होईल, आणि उठावं मला लागेल.