गाडी हलणार नाही

८ सप्टेंबर, सोमवार

बसबाई गेल्या. सकाळी मोठ्या मॅडमच्या टेबलावर शिटी ठेवली आणि म्हणाल्या, मी लोकांची धुणी धुईन पण या पोरांबरोबर बसणार नाही. पाच आठवडे टिकल्या. त्यांच्या आधीच्या तीनच! मॅडम म्हणतात, नवीन बाई मिळेपर्यंत तुम्हीच बघा. बघा म्हणजे काय? मी पुढे बघू की मागे?

सव्वीस वर्षं ट्रक चालवला. सिमेंट, खत, फरश्या. एका गोणीने कधी मागून आरडाओरडा केला नाही की आरशात बघून जीभ दाखवली नाही. गुडघे बोलायला लागले म्हणून शाळेची बस घेतली. सगळे म्हणाले, मजा आहे तुमची, सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. मजा!

एकूण बेचाळीस पोरं. पुढे पहिली-दुसरीची, ती गुणी. मधली पुस्तकात तोंड घालून असतात. मागच्या दोन बाकांवर नववी-दहावीची सात टाळकी, सगळा उच्छाद त्यांचा. त्यांची म्होरकी एक मुलगी आहे. नाव मला माहीत आहे, पण मी तिला भोंगा म्हणतो. ती बोलली की खिडकीच्या काचा थरथरतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज दप्तरांची फेकाफेकी. एक दप्तर थेट माझ्या मानेवर – पाण्याच्या टाकीच्या वळणावर, समोरून टँकर येत असताना! ब्रेक दाबला. पुढची छोटी समोरच्या बाकांवर आपटली. एकाच्या ओठातून रक्त आलं, पण रडला नाही. मागे वळून असा ओरडलो की घसा दुखतोय अजून.

मग भोंगाने माझंच वाक्य माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. खोकल्यासकट. अख्खी बस हसली. ज्याच्या ओठातून रक्त आलं तोही.

११ सप्टेंबर, गुरुवार

सल्ल्यांना तोटा नाही. दुसऱ्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, कानात बोळे घाल, आपल्याला पगार गाडी चालवायचा मिळतो, वळण लावायचा नाही. मॅडम म्हणाल्या, लेखी द्या. दिलं. त्यांच्या टेबलावर कागद नुसता झोपायला जातो, हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. एका पोराचे वडील फाटकाशी भेटले. त्यांना म्हटलं, जरा सांगा घरी. तर म्हणाले, वयच आहे हो ते, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच समजून घ्या. म्हणजे पोर त्यांचं आणि समजून मी घ्यायचं!

ही म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी कधी बोलता का? की नुसतं ओरडताच?"

ही घरी मुलींना शिवण शिकवते. हातात सुई असली की पोरगी आपोआप गप्प बसते. तिला काय कळणार!

१५ सप्टेंबर, सोमवार

सापडली! युक्ती सापडली!

दंगा सुरू झाला तशी गाडी शांतपणे डाव्या अंगाला घेतली. इंजिन बंद. किल्ली खिशात. एकदाच म्हटलं – "गाडी हलणार नाही." मग हाताची घडी घातली आणि समोर बघत बसलो. मागे वळायचं नाही, आरशात बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. पहिलं मिनिट हसणं. दुसरं मिनिट कुजबुज. चौथ्या मिनिटाला सगळं चिडीचूप. आवाज न चढवता! इतकं सोपं होतं आणि मी घसा फोडून घेत होतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दोन मिनिटांत गप्प.

१७ सप्टेंबर, बुधवार

थांबायची वेळच आली नाही. हिला सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आज पहिल्या तासाला गणिताची चाचणी होती. मला काय माहीत? टाकीच्या वळणावर मागे बाकं बडवायला सुरुवात. थांबवली गाडी. घातली हाताची घडी. थांबेचनात! वीस मिनिटं बडवत होती. मीही हटलो नाही. शाळेत पोचलो तेव्हा चाचणी संपत आली होती. उतरताना भोंगा अगदी नम्रपणे म्हणाली, थँक्यू काका.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लगाम माझ्या हातात नव्हताच, मी नुसता घोडा! मधल्या बाकावरची एक अभ्यासू पोरगी रडत उतरली. रात्रंदिवस घोकलं होतं तिने. मॅडमनी कारकुनासमोर मला झापलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी खाली मान घालून उभा राहिलो.

२२ सप्टेंबर, सोमवार

माघार घ्यायची नाही. आता सोडलं तर डोक्यावर बसतील.

नवा नियम. माझ्या सीटमागे खेळाचं सामान ठेवायचा जाळीचा कप्पा आहे. मागे बसणाऱ्या सगळ्यांची दप्तरं चढतानाच काढून घ्यायची, कप्प्यात टाकायची आणि कुलूप लावायचं. दप्तरच नाही तर फेकाल काय? आणि दंगा झाला की गाडी थांबणारच. चाचणी असो नाहीतर आकाश कोसळो.

एक दुसरीतला बारका आहे. दमेकरी, बारा महिने गळ्याला मफलर, म्हणून तो मफलर. त्याला भोंगाचं भारी वेड. दोनदा उचलून पुढे बसवला, दोन्ही वेळा बाकांखालून सरपटत मागे गेला. मग त्याचंही दप्तर काढून घेतलं. मागे बसायचंय ना? मग नियम सगळ्यांना सारखा.

ही विचारते, असं किती दिवस थांबवणार? म्हटलं, ती थांबेपर्यंत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तीनदा थांबलो.

मला ही पोरं आवडत नाहीत. लिहून टाकलं एकदाचं. सकाळी किल्ली फिरवताना देवाचं नाव घेतो. सव्वीस वर्षांत घाटात नाही घेतलं कधी.

रविवारी मुलीचा फोन होता. तिला हे सगळं सांगत होतो. हसून म्हणाली, बाबा, तुमचा ट्रक दारात लागला की आम्ही दोघं भावंडं बाथरूममध्ये जाऊन बसायचो. मी महिन्यातून चार दिवस घरी असायचो. ते चार दिवस घर कसं शांत असायचं! मला वाटायचं, हिने काय शिस्त लावलीय पोरांना. तिने सहज सांगितलं, पण दोन दिवस डोक्यातून जात नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज लिहीत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काल झालं ते नीट लिहून ठेवतो. विचारणा होणार, तेव्हा गडबड नको.

सकाळी मागे नेहमीसारखा दंगा चालू होता. त्यात मफलरला दम्याचा झटका आला. माझ्या लक्षात येताच मी गाडी बाजूला घेतली. त्याच्याकडे जायला उठलो तर भोंगा अंगावर धावून आली. माझ्या हातावर ओरबाडलं. तिला बाजूला केलं, दप्तरातला पंप पोराला मिळाला आणि तशीच गाडी दवाखान्यात नेली. बेचाळीस पोरांसकट, हॉर्न वाजवत, सहा मिनिटांत. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. पोरगं ऑक्सिजनवर आहे.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून निभावलं. पहिल्यांदाच मला खुर्चीवर बसवलं.

ही हाताला मलम लावत होती. चांगले चार ओरखडे आहेत, खोल. म्हणाली, "पण ती पुढे कशाला आली होती?"

म्हटलं, मला काय माहीत.

२७ सप्टेंबर, शनिवार

दवाखान्यात गेलो. काचेतून बघितलं. मफलर नाही गळ्यात, तर ओळखूच येईना. मान केवढीशी आहे! आत गेलो नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

बस शांत. बाकं बडवणं नाही, हसणं नाही, काही नाही. छोटीसुद्धा बोलत नाहीत. मला हेच हवं होतं ना? वळणावर माझ्या स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू आला.

भोंगा मागे एकटी बसली होती. बाही ओढून मनगटावर घेतली होती. एकदाही आरशात बघितलं नाही. मी मात्र सारखा बघत होतो.

शाळेच्या फाटकाशी मफलरची आई भेटली. माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, तुमच्यामुळे माझं पोर वाचलं. मी तिच्या चपलांकडे बघत होतो. एकीचा अंगठा तुटला होता, पिन लावली होती. हात सोडवून घेतला आणि म्हटलं, गाडी लावायचीय. गाडी लावलेलीच होती.

मॅडमनी अहवाल लिहून तयार ठेवला होता. मी सांगितलं तसाच, शब्दाला शब्द. सही केली. पेन उठेना म्हणून दुसरं मागितलं. दुसरंही तसंच. हात घामेजला होता, पेनाचा काय दोष.

३० सप्टेंबर, मंगळवार

भोंगाला बोलावलं होतं आत. कारकून सांगत होता, पोरगी अर्धा तास नुसती उभी. शेवटी एकच वाक्य बोलली – "काकांनाच विचारा." मॅडमना तो उद्धटपणा वाटला. मागच्या बाकांवरची बाकीची सहा जणं काहीबाही सांगत होती म्हणे, पण त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? कारकूनच म्हणाला, एकमेकांना सामील आहेत साली. आणि पुढच्या छोट्यांना तर कोणी विचारतही नाही.

उद्या अकराला शाळा समितीची बैठक. तिचं नाव शाळेतून काढणार. ड्रायव्हरवर हात टाकला, एका मुलाचा जीव धोक्यात घातला – असा शेरा दाखल्यावर पडला तर दहावीच्या वर्षात तिला दुसरी कुठली शाळा घेणार?

तिचे वडील व्हरांड्यात उभे होते. हातात पिशवी, कामावरून तसेच आलेले. मला बघून पुढे आले. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरणार. बरं वाटलं असतं. पण म्हणाले, पोरीची चूक झाली, तुम्हाला लागलं, मी तिला घरी चांगलं सुनावलंय. आणि मी काय म्हणालो? "असू दे." असू दे! ही जीभ झडत कशी नाही!

घरी आलो. जेवलो नाही. ही समोर बसून राहिली. काही विचारलं नाही. शिवणाचं मशीनही लावलं नाही. मीच बोलेन म्हणून वाट बघत असावी. माझ्यासमोर गप्प बसायची सवय आहे या घराला.

१ ऑक्टोबर, बुधवार

मॅडम, ही वही तुमच्यासाठी. २६ तारखेचं पान खोटं आहे. कुणी वाचणार नव्हतं, तरी खोटं लिहिलं.

गाडी मी झटका आला म्हणून थांबवली नव्हती. दंगा झाला म्हणून थांबवली होती. किल्ली खिशात टाकली, हाताची घडी घातली. मागून सगळी "काका, काका" ओरडत होती. मला वाटलं, नाटक. वळलो नाही. ती पोरगी धावत आली, ती मफलरचं दप्तर मागायला. पंप त्यात होता आणि कप्प्याला कुलूप मी लावलं होतं. मी म्हटलं, जागेवर बस, आणि तिचं मनगट पिरगाळून धरलं. ती ओरबाडून सुटली, माझ्या खिशातून किल्ल्या ओढल्या, कुलूप काढलं. पंप तिने दिला. तेव्हा कुठे मी मागे बघितलं. घड्याळ माझ्या समोरच होतं. नऊ मिनिटं.

तुमच्याबद्दलही मागे वेडंवाकडं लिहिलंय. तेही वाचाल. असू दे. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलोय. अकरा वाजता तिला आत बोलावू नका. मला बोलवा.