ओढ्याकडचा बिबट्या

कोडोली, बुधवार

प्रिय क्रांती,

फोनवर दोनदा बोललो, दोन्ही वेळा मी खरी गोष्ट सोडून बाकीचंच बोलले. म्हणून कागद घेतलाय. मोबाईलवर लिहायची हिंमत होत नाही. तिथलं कुठं कुठं पोचतं ते मी बघितलंय.

तुझ्या आईचं, तानामावशीचं, पायाचं दुखणं कमी आहे, भीती मात्र तशीच. भर दुपारी कडी लावून बसते. काल डबा घेऊन गेले तर आतून म्हणाली, "एकटीच हायस न्हवं? मागं बघ आधी." मी खरंच मागं बघितलं.

तुला ठाऊकच आहे, फ्लेक्सच्या दुकानात लागल्यापासून मी एआयकडून चित्रं काढून घ्यायला शिकतेय. आपण लिहिलेल्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. आधी मी नुसतं 'उसात बिबट्या' असं लिहिलं, तर कॅलेंडरवरच्यासारखा गुळगुळीत प्राणी आला. मग कळलं, डोळ्यांना दिसतं ते सगळं सांगायचं. वेळ, उजेड, फोटो कुणी आणि कुठून काढलाय तेसुद्धा. लिहिलं, सकाळचं धुकं, तोडलेल्या उसाचं पाचट, मागं पत्र्याचं गुऱ्हाळ, घाबरलेल्या माणसानं लांबून काढलेला हललेला फोटो. सातव्या खेपेला त्या बिबट्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

शाळेच्या ग्रुपवर टाकला, 'आपल्या ओढ्याकडं कोण आलंय बघा' म्हणून. तासाभरात तोच फोटो माझ्या भावाच्या, रिजवानच्या मोबाईलवर आला, खाली 'बायकांनी शेतात जाऊ नये'. मी ग्रुपवरचा फोटो पुसला, पण तो मी बनवलाय हे कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बिबट्या गावभर झाला होता, तरी म्हशींसाठी मावशी वैरणीला गेली. उसात सळसळ झाली, निघालं कुत्रं. ती पळाली आणि बांधावरून खाली पडली. दोन तास पडून होती, पण हाक मारली नाही. आवाजानं बिबट्या येईल म्हणून. शोधत गेलेल्यांत मीही होते. दवाखान्यातून मी फोन केला तेव्हा तू रडत म्हणालीस, "नुजहत, तू हायस म्हणून बरं." त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही.

आता तू रविवारी गाडी घेऊन येणार, म्हशी देऊन टाकणार, घराला कुलूप लावून दोघांना पुण्याला नेणार. म्हशी द्यायचं निघाल्यापासून तुझे वडील, गणपतकाका, गोठ्यातच बसून असतात. क्रांती, त्या बिबट्यापायी घर मोडू नकोस. तो मी केलाय. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकून मी तशीच तुमच्या घरी जाणार आहे, दोघांना सांगायला. काका घरी असतानाच जाते, म्हणजे मला अर्ध्यातून उठून येता येणार नाही. मावशी काय म्हणेल याची भीती आहे. तुझी त्याहून जास्त.

म्हणू देशील तर अजून तुझीच,
नुजहत