कबरस्तानातल्या सुरूची फळी

मी, हसीबे दोरू, जहाजांचे वाटाडे रामिझ रेइस, म्हणजे रामिझ तांडेल, यांची विधवा, राहणार ताशइस्केले, धक्क्यामागची गल्ली, वय सत्तरीच्या आसपास (आईला साल आठवत नसे, त्या वर्षीचा भूकंप आठवे), धंदा जाळी विणणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले, डोकं ठिकाणावर आहे. लिही म्हणून कोणी दडपण आणलेलं नाही. लिहू नकोस म्हणणारेच फार. आडनावं घ्यायचा कायदा आला तेव्हा मी 'दोरू' मागून घेतलं. आमच्यात त्याचा अर्थ 'सरळ'. माझा नवरा त्या सकाळी सरळच आला होता.

कलम १. राहतं घर बहिणीची मुलगी फाहरिये हिला. छप्पर गळतं, ते तिला ठाऊक आहे. समुद्राकडची खिडकी मी खिळे ठोकून बंद केली, ती तिने हवी तर माझ्यामागे उघडावी.

कलम २. जाळ्याच्या सुया फाहरियेलाच. तांब्याची परात मशिदीला, पण आधी माझ्या नावाचा हलवा तिच्यात भाजावा. तुपात हात आखडू नये. मेलेल्या बाईला कळत नाही असं समजू नका.

कलम ३. माझे जोडे रिवाजाप्रमाणे दाराबाहेर ठेवावेत, गरजू माणूस घेऊन जाईल. रामिझचे जोडे अजून पलंगाखाली आहेत. त्यांचं प्रेत आलंच नाही, त्यामुळे ते बाहेर ठेवायला माझा हात धजावला नाही. आता दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवा.

कलम ४. इथून पुढचं लिहायची मला भीती वाटते आहे. मशिदीतल्या फळीवर मला शेवटची आंघोळ घालू नये.

मोठ्या लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात गावातलं सरपण संपलं. मी तेव्हा आजारी आईपाशी डोंगरावर होते, रामिझ जहाजावर. गावाने कबरस्तानातला थोरला सुरू तोडला. मुडद्यांच्या डोक्यावरचं झाड तोडणं म्हणजे पाप, म्हणून गुपचूप तोडला. लाकूड घरोघरच्या चुलीत गेलं. बुंध्याची फळी काढून मशिदीला दिली, पाप फिटावं म्हणून. तेव्हापासून गावातलं प्रत्येक प्रेत त्याच फळीवर धुतलं जातं.

बंदराच्या तोंडाशी आपल्याच नौदलाने सुरुंग पेरले होते, मधून एक चिंचोळी वाट. आत शिरायची खूण एकच: मिनार आणि थोरला सुरू एका रेषेत आले पाहिजेत. झाड गेलं हे रामिझना कोणी कळवलं नाही. गावातली जखमी पोरं घेऊन जहाज परत आलं, तेव्हा पाण्यावर धुकं होतं. त्यांनी सुरू शोधला. दिसला तो पलीकडचा धाकटा सुरू. त्याच्याशी मिनार जुळवून ते सरळ आले. मी आदल्या रात्रीच डोंगरावरून उतरले होते; धक्क्यावर आम्ही बायका पोरांच्या नावाने हाका मारत होतो. मग पाणी उभं राहिलं आणि हाका थांबल्या. अजून कोणी दार आपटलं तरी माझ्या तोंडचं पाणी पळतं.

चौकशीला तीन साहेब आले. "वाटाड्या प्यायचा का?" असं त्यांनी विचारलं, आणि अख्ख्या गावाने माना खाली घातल्या. मी ओरडले, "अहो, सुरू कुठे गेला ते विचारा ना यांना!" झाड तोडणाऱ्यांतल्या हमदीच्या आईने माझ्या तोंडावर हात दाबला. "दुःखाने भ्रमिष्ट झालीय साहेब, मनावर घेऊ नका." कागदावर आलं की वाटाड्या नशेत होता. धक्क्यावरच्या शिळेवर बुडालेल्या सगळ्यांची नावं आहेत, एक सोडून.

म्हणून माझ्या घराचा दरवाजा बिजागरीतून काढावा आणि त्याच्यावर मला आंघोळ घालावी.

कलम ५. जनाज्याच्या वेळी इमाम विचारतील, "हसीबेवरचा हक्क सोडलात का?" लोक म्हणतील, "सोडला," म्हणजे मेलेल्याकडचं देणं-गाऱ्हाणं माफ. जाळं उशिरा दिलं याखेरीज माझ्यावर कोणाचा काही हक्क नाही. त्यानंतर इमामांनी तेच रामिझसाठी विचारावं. त्यांचा जनाजा निघाला नाही, म्हणून हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. लोक गप्प राहतील या धास्तीने माझी झोप उडाली आहे. गप्प राहिले तर पुन्हा विचारावं. उत्तर आल्याशिवाय मला उचलू नये.

कलम ६. झाड तोडणाऱ्यांपैकी आता हमदी एकटा उरला आहे. त्याचा धाकटा भाऊ त्याच जहाजावर होता. दर शुक्रवारी मला मासळी आणून देतो आणि उंबऱ्याबाहेरून पळतो. काल त्याला आत बसवून हे वाचून दाखवलं.

"वहिनी, ते चौथं कलम काढून टाक. गाव म्हणेल, याने मुडद्यांचं झाड तोडलं न् सख्ख्या भावाला बुडवलं."

"कुठलं गाव, मेल्या? तेव्हाचं गाव त्या फळीवरून केव्हाच गेलं. उरलास तू!"

"म्हणून तर घाबरतो. मलाही तिथेच निजवतील."

मला हसू आलं आणि त्याच्या तोंडाकडे बघून रडूही आलं. म्हटलं, "मग साक्षीदार म्हणून सही कर. माझं दार तुलाही पुरेल."

तो उठून गेला. मासळी ओट्यावर तशीच होती. शाळेचे मास्तर म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही. ठीक आहे, देत नाही. त्याने सही केली तर दरवाजा त्याच्यासाठी जपून ठेवावा, उसना म्हणून.

वरचं सगळं माझं आहे, मी वाचलं आहे, आणि मला अजूनही भीती वाटते.

ताशइस्केले, १८ नोव्हेंबर १९६१
सही: हसीबे दोरू

साक्षीदार पहिला: जेवदेत तुनाली, शाळामास्तर. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरा: हमदी कायकची. आज सकाळी स्वतःहून आलो. थोरला सुरू आम्ही तोडला, कुऱ्हाड माझी होती. रामिझ रेइस कधी प्यायचे नाहीत. माझा त्यांच्यावर काही हक्क नाही. त्यांचा माझ्यावर आहे, तो त्यांनी सोडावा.