मामा, तुमच्या मागून पळताना

ती. मामा,

‘प्रिय’ लिहिलेलं तुम्हालाच चाललं नसतं, म्हणून तीर्थरूपच लिहिते. उद्या दुपारी आम्ही संभाजीनगरला निघतोय. परवा पहाटे माझी मॅरेथॉन आहे, बेचाळीस किलोमीटरची. लांब निघताना घरातल्या मोठ्यांना विचारून निघावं. आत्यांना विचारलं, तुम्हाला विचारायचं राहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात सासूशी, म्हणजे आत्यांशी, सगळं बोलले, पण सासऱ्याशी मी थेट बोललेच नाही, आता बोलतेय तर ते असं कागदावर! तुम्ही असता तर हा कागदसुद्धा आत्यांच्या हातून तुमच्याकडे गेला असता.

आठवतं ना आपलं बोलणं? मी चहाचा कप घेऊन तुमच्यासमोर उभी, आणि तुम्ही आत्यांकडे बघून म्हणायचे, “तिला म्हणावं, साखर कमी हाय.” मी आत्यांना म्हणायची, “त्यांना म्हणावं, डॉक्टरांनीच कमी करायला सांगितलीय.” मधे बसलेल्या आत्या तूर निवडत असायच्या. दोघांचं दोघांना ऐकू गेलेलं असायचं, तरी त्या मान हलवायच्या. अशा घरात भांडण तरी कसं होणार? झालंच नाही कधी.

पळण्याचं वेड माझं जुनं. आई-बाप ऊसतोडीला गेले की मी शिरूर कासारच्या वसतिगृहात असायची, आणि शाळेच्या मैदानावर माझ्यापुढे कुणी टिकायचं नाही. लग्नानंतर ते सगळं चुलीत गेलं. मला बीडला नोकरी लागली, तिथल्या बायका पळताना बघितल्या आणि त्या वेडाने पुन्हा उचल खाल्ली. तुमचे चिरंजीव म्हणाले, दोघं मिळून तयारी करू. आठ दिवस पळाले, मग गुडघ्याला पट्टी बांधून मोटारसायकलवर बसले ते आजतागायत! मी एकटी पडले. तेव्हा तुम्ही जाहीर केलंत, “तिला म्हणावं, धरणाच्या रस्त्यानं एकटीनं जायचं न्हाई. उद्यापासून मी बी येतो.”

मला वाटलं, पाळतीवर येताय. एका जागी बसून लक्ष ठेवाल. तर तुम्ही धोतराचा काचा मारला, पायात कॅनव्हासचे बूट चढवले आणि सरळ पळायलाच लागलात, तेही माझ्या पुढे!

तिथेच माझी पंचाईत झाली. सासऱ्याच्या पुढे सून जाते का कधी? नारायणगडाच्या जत्रेला चालत गेलो तेव्हाही मी चार हात मागेच होते. मग पळताना वेगळं काय? पुढे तुम्ही, मागे डोक्यावरची ओढणी पिनांनी टोचून मी, आणि माझ्या मागे पाण्याच्या बाटल्या लावलेली मोटारसायकल. हॉटेलावरचे लोक म्हणायचे, “निघाली रे वरात!”

खरं सांगू? मला राग यायचा. तुम्ही हळू पळायचे आणि मी माझा पाय आवरत बसायची. मधेच तुम्हाला काय व्हायचं कोण जाणे, एकदम जोरात सुटायचे, धापा टाकायचे, पुन्हा हळू. आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. एकदा वळणावर थांबलात, दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत बसलात. सोडली, पुन्हा बांधली. मीही थांबले आणि ओढणी सावरत धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले. म्हटलं, थकले असतील, बसू दे. तुम्ही एक सुस्कारा टाकलात आणि पुन्हा निघालात.

मग तुम्हाला कावीळ झाली आणि बघता बघता तुम्ही गेलात. लिव्हर आधीपासूनच खराब होतं, असं डॉक्टर म्हणाले. गाव काही डॉक्टर नाही. “सुनेनं पळवून पळवून म्हाताऱ्याला घालवलं,” हे मी पाण्याच्या टाकीपाशी माझ्या कानांनी ऐकलं. मी रडले नाही, माझा तो स्वभाव नाही. तेराव्याच्या पुऱ्या तळल्या, भांडी आवरली आणि माझे पळायचे बूट पोत्यात घालून माळ्यावर टाकले.

ते आत्यांनी बघितलं. “बूट का म्हून टाकले गं वर?”

मी म्हटलं, लोक असं असं बोलतात.

“लोकाला काय कळतंय? रोज माझ्याकून पोटऱ्या दाबून घ्यायचे. मी म्हणायची, जिवावर कशाला पळता, हळू पळा की. तर म्हणायचे, हळू कसं पळू? माघं पोरगी हाय. तिचा पाय लई चांगला हाय, माझ्यामुळं अडकती. नाडी बांधायच्या निमतानं थांबलो तरी म्होरं जाईना!”

मी म्हटलं, “मग मला सांगायचं ना त्यांनी!”

“तुमी दोघं बोलत हुते का कवा?”

“तुम्ही तरी सांगायचं, आत्या.”

“मला कुठं म्हणले, तिला म्हणावं म्हणून?”

हसू आलं आणि मग रडू आलं, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. तुमच्यासाठी मी हळू आणि माझ्यासाठी तुम्ही जोरात. दोघांनीही आपापल्या पायांवर अन्याय केला, तोही मान राखायला! मामा, साखरेचं सांगितलंत, भाजीतल्या मिठाचं सांगितलंत, दाराच्या कडीचंसुद्धा सांगितलंत. ‘तिला म्हणावं, पुढं हो,’ एवढंच तेवढं तोंडातून निघालं नाही का हो?

वर्ष व्हायच्या आत सून स्पर्धेला कशी जाते, म्हणून भावकी घरी आली होती. आत्या त्यांना म्हणाल्या, “सुतक तेरा दिसाचं. पळायला काय हळद लावावी लागती का?” भावकी चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं पोतं आत्यांनीच खाली काढलं, मोटारसायकलवर लेकाच्या मागे बसल्या आणि धरणापर्यंत आल्या. “हं, पळ,” म्हणाल्या.

पुढे कुणी नव्हतं. रस्ता मोकळा होता, हवा तेवढा वेग घ्यायची मुभा होती, आणि पाय उचलेना. किती दिवस मला तोच रस्ता हवा होता! त्या दिवशी मी तुमच्याच चालीने पळाले. वेग यायला पुढे बरेच दिवस लागले. आता मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत जाऊन येते. मोटारसायकलवरून आत्या बाटली पुढे करतात आणि कुणी न सांगता पाणी पाजतात.

परवा माझ्यापुढे तुमच्या वयाची माणसं असतील. त्यांच्या मागे मी अडकून राहणार नाही, हा माझा शब्द. ओढणी सावरत थांबणार नाही. त्यांना दम लागला असेल तर आधी पाणी विचारीन, आणि मग सांगून जाईन. तोंडाने, थेट, त्यांच्याकडे बघून.

मामा, आता मी पुढे होते.

तुमची सून,
सुरेखा