बँडवाले काका

आबा, तुम्हाला मी तुमचं हसं करायलाच बोलावलं होतं, हे आधी सांगून टाकते. कुसगावच्या गॅरेजात शटर ओढून आम्ही चौघं तेव्हा नुसता धिंगाणा घालायचो, तीन सूर आणि तोंडभर शिव्या. त्याला आम्ही पंक म्हणायचो. गिटारवाला म्हणाला, मध्येच लग्नातला बँडवाला घुसवला तर काय धमाल येईल! माझा बापच बँडवाला, हे मी त्यांना कधी कळू दिलं नव्हतं. "आहेत एक ओळखीचे काका," मी म्हणाले.

तुम्हाला वाटलं, लेकीला एकदाची आपली किंमत कळली. आईकडून ट्रम्पेट चिंचेनं घासून घेतलात, वरातीचा लाल कोट इस्त्री केलात आणि आमचा कार्यक्रम होता त्या लोणावळ्याच्या रिसॉर्टवर भर दुपारी दोन तास आधीच हजर! मी माइकवर ओरडले, "हे आमचे बँडवाले काका!" तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. मग फुंकलंत आणि चालायला लागलात. जन्मभर वरातीत चालतच वाजवलेलं, जागेवर उभं राहून तुम्हाला वाजवताच यायचं नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर बोलावलं. तुम्ही पायऱ्या उतरून खुर्च्यांमधून थेट पोहण्याच्या तलावापर्यंत गेलात. मोबाईलवर व्हिडिओ घेत लोक पोट धरून हसत होते आणि सगळ्यात मोठ्यानं मी, माइकवर.

परतताना एसटीत तुम्ही एवढंच बोललात, "तुमी पोरं लय मोठ्यानं वाजवता. पन जागची हलत न्हाई." मी म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" त्यानंतर तुम्ही कोट घातला नाहीत. दोन वर्षांनी गेलात.

आता आमचं पंक वरातीच्या ठेक्यावर चालतं, आबा. हलगी घेतली, ट्रम्पेट घेतला, वाजवत लोकांत उतरतो आणि सगळी गर्दी आमच्या मागं निघते. हे सुचलं कसं, असं विचारतात. मी निर्लज्जासारखी म्हणते, सुचलं असंच. परवा कार्यक्रमानंतर एका पोरीनं मोबाईलवर तुमचा तो जुना व्हिडिओ पुढं धरला. डोळे भरले होते हो तिचे. "कोण आहेत हे? सगळं यांच्यापासूनच सुरू झालं ना?" खरं सांगितलं असतं, तर इतकी वर्षं मिरवलेलं सगळं तुमचं ठरलं असतं. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, ते एक बरंय. मी तिला म्हणाले, "बँडवाले काका होते कुणीतरी."

आई शेजारीच उभी होती.