वारेसाठी मडकं पाठवणाऱ्या आक्कास

चांदीप, रविवार

तीर्थरूप भागूआक्का,

धाकट्या हरेश्वरचा लांबूनच नमस्कार. कामणला सगळे बरे असतील, तुझे गुडघे सोडून. जीभ उत्तमच असणार, तिची चौकशी करत नाही. (फोन का केला नाहीस म्हणशील. तुझ्यापुढे फोनवर मला 'हॅलो'च्या पुढे कधी जागाच मिळालेली नाही. कागद बिचारा मधे बोलत नाही.)

जुळ्या नाती दोघीही तगून आहेत. मोठी सूनबाईजवळ, दिपिकाजवळ असते, भोकाड पसरते. बारकी अजून विरारच्या त्याच हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत आहे, दूध नळीने जातं. आता तुझ्याकडे वळतो.

सोनोग्राफीत दोन बाळं दिसली त्या दिवसापासून तू डॉक्टर झालीस. सुनेनं जोडकेळं खाल्लं म्हनून जुळं झालं, आनि सांडोरच्या मानसांना केळ्यांशिवाय दुसरं येतंय काय, हे तुझं पहिलं निदान. (दिपिकाच्या माहेरच्या वाडीतली केळी तू दर श्रावणात घडाने नेतेस, तेव्हा नाही आठवत.) पुढे एक बाळ वाढेना, तर म्हणालीस, ही डाव्या कुशीवर झोपते म्हणून खालचं चेपतंय. अगं बाई, डाव्या कुशीवर झोप हे डॉक्टरनेच सांगितलं होतं! पण पोट म्हणजे तुला आपला माळा वाटला, खाली गोणी ठेवली की दबली.

बाळंतपणाच्या दिवशी तर तू कहर केलास. आपल्याकडे वार अंगणात पुरतात, पोर मातीला धरून राहतं, म्हणून हळदकुंकू लावलेलं, तोंडाला लाल फडकं बांधलेलं मडकं माझ्या हातात दिलंस आणि मला गेटवर उभा केलास. वॉचमनने चप्पल काढून मला नमस्कार केला आणि हळू आवाजात विचारलं, "काका, कोण गेलं?" रिक्षावाल्यांनी रिक्षा मागे घेतल्या. एका पोटुशीला तिच्या सासूने माझ्याकडे पाठ करून उभं केलं. प्रसूतिगृहाच्या दारात अस्थी घेऊन उभा राहिलेला वसई तालुक्यातला पहिला माणूस मी. आत गेलो तर इझाबेल सिस्टर अशी काही ओरडली की मडकं हातातून पडता पडता राहिलं. वार मिळणार नाही म्हणाली. जुळ्यांतलं एक बाळ असं बारीक निघालं की वार तपासायला जाते.

माझं थोबाड बघून डॉ. अश्लेषांना दया आली असावी. त्यांनी मला बोलावून ट्रेमध्ये ती वार दाखवली. (घेरी आली, हे कबूल. पण उभा राहिलो.) जाड भाकरीएवढी एकच वार, दोघींत मिळून. तिला दोन नाळा. एक बरोब्बर मधोमध रोवलेली, जाडजूड. दुसरी अगदी कडेला, चिकटली न चिकटली अशी. मधली नाळ मोठीची, तिच्या वाट्याला वारेचा मोठा भाग. कडेची बारकीची, तिला उरलेला तुकडा. एवढंच. केळं नाही, कूस नाही. नाळ कुठे चिकटावी हे आईच्या हातात नसतं, तिने लाडू खाल्ले काय नि उपास केले काय. हे सगळं दिपिकाच्या पोटात ठरत होतं तेव्हा आपण तुझ्या धाकट्याच्या साखरपुड्यात जेवत होतो, आणि दिवस गेलेत हे त्या पोरीला स्वतःलाही माहीत नव्हतं.

आणि मी खाली वारेकडे बघत होतो तेव्हा तू वर काय करत होतीस? विहीणबाईंसमोर, भर पॅसेजमध्ये, "आईनंच एकीला उपाशी ठेवली" म्हणून मोकळी झालीस. पडद्यामागे दिपिका होती. आक्का, पडदा म्हणजे भिंत नव्हे. तू बोललीस आणि रिक्षा करून कामणला गेलीस, आमटी गार होऊ नये म्हणून.

त्या दिवसापासून तिचं दूध आटलं. पंप लावून बसायची आणि रडायची. बारकीला लागतं ते चार चमचे, तेवढंही भरेना, वजन तिथेच. मी तिला वारेचं सांगितलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय." मला फार राग आला तुझा. अजून आहे.

शेवटी डॉक्टरच मोबाइलमध्ये वारेचा फोटो घेऊन तिच्या खाटेवर येऊन बसल्या. दिपिकाने फोटो मोठा केला, कडेच्या नाळेवर बोट ठेवलं, आणि कितीतरी वेळ बोट उचललंच नाही. मग हुंदके देऊन रडली आणि झोपली. उठल्यावर वाटी भरली. आता बारकीचं वजन चढतंय. तुला कळवायला नको होतं खरं तर. तुझी लायकी नाही. मडकं मी विहिरीवर फोडलं.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. तुला नाही.

तुझा,
हरेश्वर

ता. क. आमचा अल्पेश म्हणतो, आत्याला इतकं टोचून लिहू नका. मी मूळचं फाडून हे सौम्य लिहिलंय.

ता. क. दुसरा. बारकीला या आठवड्यात पेटीतून काढणार आहेत. तिला दिवसभर कोणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ठेवायचंय, अंगाची ऊब लागते. मोठी दिपिकाला सोडत नाही. अल्पेशला दिवसभर नोकरी. विहीणबाईंना दमा. माझ्या छातीवर ठेवली तर केसांनी शिंकते. अल्पेशची आई असती तर तुझ्या दारात आलोच नसतो.

ता. क. तिसरा. नाव मी सुचवलेलं नाही. दिपिका म्हणाली, "आत्यांना बोलवा." मी दोनदा विचारून खात्री केली. डॉक्टरांनी सांगितलंय की बाळाला धरलं की तिच्याशी सतत बोलायचं, थांबायचं नाही, आणि एवढं बोलणारं दुसरं माणूस आमच्या कोणाच्याच ओळखीत नाही. उद्या सकाळी हे पत्र घेऊन टेम्पोच पाठवतो.